छावणीच्या फाटकाबाहेरची मुले

मनमाड हे जंक्शनचे गाव. मुंबई-भुसावळ, दौंड आणि मराठवाड्यातून सिकंदराबादकडे जाणारे लोहमार्ग येथे एकत्र येतात. देवळालीचे लष्करी ठाणेही याच मार्गावर आहे. त्यामुळे बदलीच्या गावी निघालेला जवान, नाव-क्रमांक रंगवलेली त्याची पत्र्याची ट्रंक आणि तिच्यावर बसून गाडीची वाट पाहणारी मुले हे दृश्य आम्हांला अनोळखी नाही. या मुलांच्या शाळेचे काय होत असेल, हा विचार मात्र आपल्या मनात क्वचितच येतो. वास्तविक या प्रश्नाच्या इतिहासाशी आपल्या गावाचे जवळचे नाते आहे.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते त्या काळचे अग्रगण्य विद्वान आणि कायदेपंडित होते, हे आपण जाणतोच. ते एका सुभेदाराचे पुत्र होते, हेही आपण वाचलेले असते. परंतु त्या गोष्टीचा अर्थ आपण पुरेसा ध्यानात घेत नाही.

त्यांचे आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. आजोळचे मुरबाडकर घराणेही लष्करी पेशाचे. वडील रामजी यांनी पुण्याच्या लष्करी अध्यापन शाळेत शिक्षण घेतले आणि पुढे लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून काम केले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला. त्या काळच्या पलटणींत सैनिकांच्या मुलांना, आणि मुलींनाही, शाळेत घालणे सक्तीचे होते. गावच्या शाळेची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती, त्यांच्या घरांत या शाळांमुळे अक्षर पोहोचले आणि जगाकडे पाहण्याची नवी दृष्टी आली, असे बाबासाहेबांनी स्वतः नमूद करून ठेवले आहे. सरकारने हे औदार्याने केले असे नव्हे. शिकलेला शिपाई पलटणीला हवा होता. पण फळ मुलांच्या पदरात पडले.

हा आधार फार काळ टिकला नाही. १८९२च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. अमुक जाती लढवय्या आणि अमुक नाहीत, या सिद्धान्ताने इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनाची पकड घेतली होती. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध सरकारकडे अर्ज केला, तो व्यर्थ गेला. भरती थांबली तशी पलटणीची शाळाही पुढच्या पिढीला दुरावली.

रामजी सुभेदार निवृत्त होऊन प्रथम दापोलीस आणि नंतर साताऱ्यास आले. साताऱ्यात आईचे छत्र हरपले. आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले. सुभेदाराच्या या मुलाला तेथे इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. पुढच्याच वर्षी, वडील नोकरीनिमित्त परगावी असताना, त्यांना भेटण्यासाठी ही मुले एकटीच मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरले. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत मुले निघाली आणि रात्रभर त्यांना पाण्याचा घोट मिळाला नाही. वडिलांनी आयुष्य वेचलेल्या लष्करी सेवेचा मुलांना छावणीच्या फाटकाबाहेर काडीचाही उपयोग झाला नाही.

लष्कराचे दार मिटल्यावर अनेकांनी गिरण्यांची आणि रेल्वेची वाट धरली. मनमाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी याच लोकांची स्थिती मांडली. अस्पृश्य कामगार रेल्वेत बहुधा गँगमनच राहतो. हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामे करावी लागतात, म्हणून त्याला हमालही करीत नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. मसूरच्या फलाटावर एके काळी ताटकळत बसलेला मुलगा रेल्वेच्याच कामगारांसमोर बोलत होता, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या भाषणाचे मोल अधिक कळते.

पुढे परिस्थिती पालटत गेली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंट उभी राहिली. सैनिकांच्या मुलांसाठी किंग जॉर्जच्या नावाने निवासी लष्करी शाळा निघाल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांत बेळगावची भर पडली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जाऊ लागला. सतत बदली होणाऱ्यांच्या मुलांचा अभ्यास तुटू नये म्हणून केंद्र सरकारने एकाच अभ्यासक्रमाच्या शाळांची योजना आखली आणि १९६३-६४ मध्ये २० रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन तिचा आरंभ केला. आजची केंद्रीय विद्यालये ती हीच. जुन्या पलटणशाळेचा वारसा असा पुढे चालला. महाराष्ट्रात सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहेही आहेत.

तरीही मिळालेला आधार काढून घेतला जाण्याचे भय संपलेले नाही. १९७१च्या युद्धानंतर, रणांगणावर कामी आलेल्या व अपंग झालेल्या सैनिकांच्या मुलांना शिक्षणखर्चाची सवलत देण्यात आली होती. २०१७ मध्ये तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. लोकांनी आवाज उठविला आणि २०१८ मध्ये ती मर्यादा उठली. १८९४ चा अर्ज फेटाळला गेला, २०१८ ची मागणी मान्य झाली. दोन्ही वेळा प्रश्न मात्र एकच होता : बाप लढतो, मग मुलाच्या शाळेची हमी कोणी द्यायची?

सरकारचे काम सरकारने करावेच. परंतु शाळा आणि वसतिगृह यांच्यापलीकडे उरते ते शेजाऱ्यांचे काम, आणि ते आपले आहे. आपल्या धर्मग्रामात एखादे असे घर असेल, जेथे वडील सीमेवर आहेत आणि आई एकटीच शाळेचे दाखले, वसतिगृहाचा अर्ज व वडीलधाऱ्यांची औषधे सांभाळते आहे. हिंदी माध्यमातून आलेले मूल येथे मराठीत अडखळत असेल. त्याला संध्याकाळी तासभर शिकविणे, आईसोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाणे, सुट्टीत त्याला आपल्या मुलांबरोबर जेवायला बसविणे, यांसाठी कुठलाही निधी लागत नाही. मसूरला त्या मुलांना पाणी देणारे कोणी भेटले नाही. आपल्या फलाटावर उतरणाऱ्या मुलांच्या बाबतीत तसे घडू नये, एवढे तरी आपण मनमाडकर पाहू शकतो.