नांदेडच्या उत्तरेचा मार्ग

आमच्या टीममध्ये लुधियान्याचा एक सरदारजी मित्र आहे. एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याला कुणाकडून तरी कळलं की मी शिरड शहापूरचा आहे आणि ते नांदेडच्या जवळ आहे. त्याचा चेहरा एकदम बदलला. "मग तू हुजूर साहिबला किती वेळा गेला असशील!" असं म्हणाला. मी आपलं "बऱ्याचदा" असं ठोकून दिलं. खरं उत्तर होतं दोनदा. त्यातल्या एकदा मी सहा वर्षांचा होतो आणि मला फक्त लंगरातला शिरा आठवतो.

आता यात माझा दोष किती? शिरडच्या माणसासाठी नांदेड म्हणजे दवाखाना, चष्मा, लग्नाचा बस्ता आणि बारावीचे क्लास. लाल डबा पकडायचा, वसमत मागे टाकायचं, नांदेडच्या स्टँडवर उतरायचं, वजिराबादेत काम उरकायचं आणि शेवटची गाडी गाठायची. शहर "बघायला" जायचं असतं हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिकडे लुधियान्याचा माणूस आयुष्यभर या गावाला जायची स्वप्नं बघतो. ही गोष्ट मनाला लागली, म्हणून मग हा उद्योग: थोडं वाचन आणि लागोपाठ तीन शनिवार-रविवार नांदेडात पायपीट.

पहिली गंमत पुस्तकात सापडली. वाशीमला १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट मिळाले. काळ इसवी सनाचं चौथं शतक. त्यात राजवंशाची माहिती संस्कृतात आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. (म्हणजे वर शोभेचं हेडर आणि खाली चालणारा कोड, असा प्रकार!) हे दान वत्सगुल्मातून, म्हणजे आजच्या वाशीममधून दिलेलं आहे, आणि दान दिलेलं गाव आहे "नंदिकड"च्या उत्तर मार्गात. मार्ग हा तेव्हाचा प्रशासकीय विभाग. नंदिकड म्हणजे नांदेड, असं अभ्यासक मानतात. आमचं शिरड नांदेडच्या उत्तरेलाच, जरासं पश्चिमेकडे झुकलेलं. तेव्हा मुक्काम पोस्ट लिहायची पद्धत असती तर आमचा पत्ता कदाचित "नंदिकड, उत्तर मार्ग" असाच लिहावा लागला असता. एका अख्ख्या मुलखाला रस्त्याचंच नाव, ही कल्पना मला फार आवडली. कारण पुढे जे काही झालं ते या रस्त्यामुळेच झालं.

नकाशा समोर घ्या. उत्तरेतून दख्खनेत उतरायचं तर बुऱ्हाणपूर, मग वऱ्हाड, मग वाशीम-हिंगोलीचा पट्टा, आणि मग आडवी येते गोदावरी. ती ओलांडली की देगलूरवरून सरळ हैदराबादकडे. गोदावरी जिथे ओलांडायची ती जागा म्हणजे नांदेड. नदीकाठचा नंदगिरीचा किल्ला बघायला गेलात तर हे न सांगता कळतं. तीन बाजूंनी पाणी आणि समोर पैलतीर. इथं बसून कोण येतो, कोण जातो, हे मोजायचं, एवढंच त्याचं काम असणार. किल्ला म्हणून तो काही देवगिरी नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर अपेक्षा ठेवून जाल आणि मला शिव्या घालाल. पण संध्याकाळी तिथं उभं राहून नदीचं वळण बघा, शहर इथंच का वसलं हा प्रश्न उरत नाही.

मोगलांनाही हे कळलेलं होतं. १६३६ मध्ये शहाजहाननं औरंगजेबाला दख्खनचा सुभेदार केलं तेव्हा दख्खनेत चार सुभे होते: दौलताबाद, वऱ्हाड, खानदेश आणि तेलंगण. यातल्या तेलंगण सुभ्याचं ठाणं होतं नांदेड! हे मी घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "मंग आपण तेलंगणातच होतो म्हण की." विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर वर्षानुवर्षं पेपर वाचलेल्या माणसाचा हा टोमणा होता, इतिहासावरचं भाष्य नव्हे. असो.

तर १७०८. औरंगजेब मरून वर्ष-सव्वा वर्ष झालेलं. त्याचा मुलगा बहादूरशहा आपल्या भावाचा, कामबक्षाचा, बंदोबस्त करायला हैदराबादकडे निघालेला. त्याच्या लष्कराबरोबर गुरू गोविंदसिंगही दक्षिणेत आले. रस्ता अर्थातच वर सांगितला तो. वसमतला दमदमा साहिब नावाचा गुरुद्वारा आहे. गुरूंचा नांदेडला पोचण्याआधी तिथं मुक्काम होता, अशी परंपरा आहे. वसमत म्हणजे आमचं शेजारचं गाव! तिथं हळद विकायला आम्ही जन्मभर गेलो, गुरुद्वाऱ्याच्या पाटीवरून नजर फिरली, आणि ही पाटी इथं का, हा प्रश्न पडला नाही.

नांदेडात गुरूंचं वास्तव्य काही महिन्यांचंही पुरतं नाही. पण त्या थोड्या काळात जे घडलं ते असं. गोदावरीकाठी मठ करून राहणारा माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला आणि त्यांचा शिष्य झाला. तोच पुढे बंदा बहादूर म्हणून पंजाबात गेला आणि त्यानं मोगलांची सरहिंद घेतली. मग एका पठाणानं गुरूंवर खंजिराचा वार केला. जखम भरत आली होती, पुन्हा उघडली आणि ७ ऑक्टोबर १७०८ ला त्यांचं देहावसान झालं. त्याआधी त्यांनी सांगितलं की यापुढे कुणी माणूस गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. दहा गुरूंची परंपरा एका पुस्तकात विलीन झाली, ती आमच्या नांदेडात.

आणि या ग्रंथात कोण आहे? नामदेव! गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी संकलन केलं तेव्हापासून. आता हिंगोलीजवळचं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं (पंढरपूरकरांचा दावा वेगळा आहे, तो वाद इथं नको). आणि त्यांना गुरू भेटले ते औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात, विसोबा खेचर. औंढ्याला देवळाच्या मागच्या बाजूला नंदी आहे, त्याची "नामदेवांसाठी देऊळ फिरलं" ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला चालता यायच्या आधी सांगतात. नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले. म्हणजे बघा: औंढा-नरसीचा माणूस उत्तरेला गेला, त्याचे शब्द तिथल्या ग्रंथात गेले, आणि चारेकशे वर्षांनी तो ग्रंथ दक्षिणेत येऊन गुरुपदावर बसला तो नरसीहून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा गावात. २०१५ मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी त्यावर चेष्टेनं बोललो होतो, इतक्या लांब कशाला म्हणून. ते शब्द मागे घेतो.

हे मी त्या लुधियान्याच्या मित्राला सांगितलं. त्याला "भगत नामदेव" पाठ होते. ते मराठी होते हेही माहीत होतं. औंढा कुठं आहे ते माहीत नव्हतं. मला औंढा माहीत होतं आणि ६१ पदं माहीत नव्हती. हिशेब सारखा झाला.

आता प्रत्यक्ष बघण्याबद्दल. सचखंडाची आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. स्वतः रणजितसिंग इथं कधी आले नाहीत. मुलूख निजामाचा, पैसा आणि कारागीर पंजाबचे. त्याच सुमारास निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या मागणीवरून लाहोरहून शीख फौज हैदराबाद राज्यात आली. त्यातले बरेच जण इथलेच झाले, तेच दख्खनी शीख. नांदेडात रिक्षावाल्यापासून दुकानदारापर्यंत पगडीवाला माणूस तुमच्याशी खास मराठवाडी मराठीत बोलतो, त्यामागे ही दोनशे वर्षं आहेत. पंजाबहून आलेले यात्रेकरू ते ऐकून चकित होतात, आम्हाला मात्र त्यात काही विशेष वाटत नाही.

आतली खोली, अंगीठा साहिब, गुरूंवर अंत्यसंस्कार झाले त्या जागेवर आहे. गुरूंची शस्त्रं तिथं ठेवलेली आहेत. मला सगळ्यात भावलेली गोष्ट मात्र शस्त्रं नाहीत. रोज मध्यरात्रीनंतर एक सेवेकरी गोदावरीवर जातो, गागर भरून आणतो आणि त्या पाण्यानं गाभारा धुतला जातो. उन्हाळा असो, पूर असो. त्याला गागरिया सिंग म्हणतात. नदी, घाट आणि गाव यांचा जुना संबंध एवढा जिवंत मला शहरात दुसरीकडे दिसला नाही.

बाकीचे गुरुद्वारे, म्हणजे नगिना घाट, बंदा घाट, हिरा घाट, शिकार घाट, मालटेकडी, संगत साहिब, माता साहिब हे एका दिवसात होतात. यात्रेकरूंसाठी सचखंडाकडून गाड्या सुटतात, त्यात बसा. काही नदीच्या पलीकडे, काही गावाबाहेर, त्यामुळे स्वतः रिक्षा करत बसलात तर दिवस घासाघिशीत जाईल. नावं नीट ऐका: घाट, घाट, घाट. बादशहानं दिलेला हिरा गुरूंनी नदीत फेकला ती जागा हिरा घाट, अशी कथा आहे. कथा कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवा. ज्या मुक्कामाचा पत्ता नदीकाठानंच सांगता येतो, तो मुक्काम उताराजवळचाच असणार.

माझी तक्रार वेगळीच आहे. या सगळ्या गाड्या १७०८ मध्येच फिरतात. त्याआधीची तेराशे वर्षं आणि नंतरची तीनशे त्यांच्या वाटेवर नाहीत. किल्ला नाही, इतवाऱ्याच्या जुन्या गल्ल्या नाहीत, जुना मोंढा नाही, उस्मानशाही मिलचा परिसर नाही. एकेकाळी हे गाव तलम मलमलीसाठी प्रसिद्ध होतं, याची खूण सांगणारी एक पाटीही मला दिसली नाही.

२००८ मध्ये ग्रंथाला गुरुपद मिळाल्याची त्रिशताब्दी झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मोठा सोहळा. त्यासाठी केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून पैसा आला, रस्ते रुंद झाले, पूल, घाट, विमानतळ झाला. सचखंडाभोवतीची दाट वस्ती हलवून मोकळी जागा केली गेली. मी तेव्हाचे अरुंद रस्ते अनुभवलेले आहेत. पावसाळ्यात वजिराबादेतून चालणं म्हणजे काय ते माहीत आहे. त्यामुळे "जुनं तेच सोनं" असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण जुन्या गावात फिरताना रस्त्याच्या कडेला अर्ध्यातून कापलेले वाडे दिसतात. दिवळ्या उघड्यावर आलेल्या, लाकडी तुळईचं टोक रस्त्याकडे, आणि त्याखाली मोबाईल रिचार्जचं दुकान. रस्ता हवाच होता. पण कापण्याआधी कुणी फोटो काढले का, मोजमापं घेतली का? आम्ही चार ओळींचा जुना कोड काढताना बॅकअप घेतो हो!

तिसऱ्या रविवारी आजीला घेऊन गेलो. आजी ऐंशीच्या पुढची, पाय दुखतात. तिनं शिरडच्या मल्लिनाथाच्या जैन मंदिराची यात्रा बघितली, औंढ्याची शिवरात्र शेकड्यानं केली असेल, पण सचखंड नाही. "कामून गं, नांदेडला तर दर महिन्याला येत होतीस," असं विचारलं. म्हणाली, "आमी दवाखान्यात येत होतो बापू. देवाला कव्हा येणार?"

लंगरात तिच्या शेजारी अमृतसरच्या बाजूची एक म्हातारी बसलेली. सचखंड एक्सप्रेसनं नातवंडांबरोबर आलेली. दोघींना एकमेकींचा शब्द कळेना. मग आजीनं खालच्या आवाजात विचारलं, हिला नामदेव माहीत आहे का विचार. मी तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं. त्या बाईनं हात जोडले आणि एक पद म्हणायला सुरुवात केली. आजीला ते हिंदीसारखं काहीतरी वाटलं, पण शेवटी "नामा" आला तसा तिनं माझा दंड धरला.

परतीची गाडी साडेपाचची होती. वसमतला गाडी थांबली तेव्हा दमदमा साहिबकडे जायचा रस्ता मी आजीला दाखवला. पुढच्या खेपेला तिथं उतरायचं ठरलंय.