घरचे दप्तर आणि त्याची राखण

दप्तर हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पेशव्यांचे रुमाल उभे राहतात. आम्ही आज ज्या दप्तराविषयी बोलणार आहोत, ते मात्र विठ्ठलवाडीतील एखाद्या दोन खोल्यांच्या घरात, राऊटरच्या शेजारी, फळीवर बसलेले आढळेल. घरातील सर्व फोन व संगणक जिला जोडलेले असतात अशी ही हार्ड डिस्कची पेटी. जाणकार तिला 'नॅस' म्हणतात. खरेदीखत, जन्माचे दाखले, लग्नातील छायाचित्रे, असे जे पूर्वी खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत असे, ते आता तिच्यात असते. ट्रंक बदलली, पण राखणीचा प्रश्न जुनाच आहे.

आपल्याच परिसरापासून आरंभ करू. अंबरनाथच्या शिवालयातील लेखावर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा काळ कोरलेला आहे. दगड टिकला म्हणून लेख टिकला. कागदाला ते भाग्य नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी येथे कोनशिला बसविली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पुढे १९५० च्या कायद्यान्वये मागे राहिलेल्या घराजमिनीबद्दल दावे मांडावयाचे झाले, तेव्हा गाठोड्यातून आणलेल्या जीर्ण कागदाचे मोल काय ठरले असेल, हे निराळे सांगावयास नको. आणि २६ जुलै २००५ रोजी वालधुनी व उल्हास यांचे पाणी घरांत शिरले, तेव्हा त्याने कुलूपबंद ट्रंक आणि उघडी ट्रंक असा भेद केला नाही.

इतिहासाचार्य राजवाडे जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळीत गावोगाव हिंडले. वाळवी, ओल आणि वारसांची अनास्था हे त्या दप्तरांचे खरे वैरी होते. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड छापला. छापल्याने एका पत्राच्या शेकडो प्रती निरनिराळ्या गावी गेल्या. मग मूळ पत्र नष्ट झाले तरी मजकूर उरला. राखणीचे सारे मर्म आमच्या मते एवढ्यातच आहे.

आता नव्या पेटीचा छोटासा इतिहास पाहा. ऑगस्ट २०१४ मध्ये सिनॉलॉजी कंपनीच्या पेट्यांत चोरटे शिरले, त्यांनी फाइली सांकेतिक लिपीत कोंडल्या आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. ज्या छिद्रातून ते शिरले ते बुजविण्याची दुरुस्ती कंपनीने डिसेंबर २०१३ मध्येच दिली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते नाडले गेले. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅपच्या पेट्यांवर धाड आली. मागणी होती ०.०१ बिटकॉइनची. या खेपेस दोष पेटीबरोबरच्या प्रोग्राममध्येच होता, म्हणजे मालकाचा पासवर्ड कितीही भक्कम असला तरी चोरदार होतेच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या पेट्या तर दुरूनच कोऱ्या करण्यात आल्या. त्यांना शेवटची दुरुस्ती २०१५ मध्ये मिळाली होती.

या तिन्ही प्रकरणांत पेट्या इंटरनेटच्या हमरस्त्याकडे दार उघडे ठेवून बसल्या होत्या. तेव्हा पहिले काम हे की, ते दार बंद करावे. राऊटर कित्येकदा आपल्या नकळत ते उघडतो. ती सोय काढून टाकावी. पेटीबरोबर आलेले 'अ‍ॅडमिन' हे खाते बंद करून वेगळे खाते व लांब पासवर्ड घ्यावा, आणि दुरुस्त्या आल्या की बसवाव्या. कंपनीने वाऱ्यावर सोडलेली पेटी तर जाळ्याला जोडूच नये.

एवढे करूनही क्यूनॅपसारखा प्रसंग येऊ शकतो. पेटीत दोन डिस्क असतात आणि एकीतील मजकूर दुसरीत आपोआप उतरतो, म्हणून आपल्यापाशी दोन प्रती आहेत असा पुष्कळांचा समज असतो. तो भ्रम आहे. चोर एकीतील मजकूर कोंडतो तेव्हा दुसरीतीलही कोंडला जातो. पुराचे पाणी दोहोंवरून एकदमच जाते. खरी दुसरी प्रत म्हणजे निराळ्या डिस्कवर उतरवून, तार काढून, निराळ्या घरी ठेवलेली. विठ्ठलवाडीच्या घरची प्रत डोंबिवलीला बहिणीच्या कपाटात असावी, तिची आपल्या. आणि दिवाळीच्या साफसफाईत ती डिस्क जोडून चार फाइली उघडतात की नाही, हे पाहावे. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

जुन्या वाड्यांतील रुमाल पुष्कळदा चोराने नेले नाहीत. ते घरच्यांच्या डोळ्यांदेखत कुजले. आपल्या नातवंडांना आजीचा चेहरा पाहावयास मिळावा अशी इच्छा असेल, तर आज घरी गेल्यावर त्या फळीवरच्या पेटीकडे एकवार पाहावे, एवढीच आमची विनंती.