मोठा टायर घासतो का? बैलगाडीपासून पिकअपपर्यंतची गोष्ट

पिकअप उचलली, मोठे टायर टाकले आणि पूर्ण वळण घेताना आतून 'खर्रर्र' आवाज आला, हा अनुभव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असेल. आज या घासण्याचाच इतिहास बघू.

सुरुवात कुरुंद्यापासून करू. वसमत तालुका, हळदीचा पट्टा, काळं रान. पावसाळ्यात या मातीत चाक रुतलं की रुतलंच. म्हणून जुन्या बैलगाडीचं चाक भलंमोठं असायचं. त्यावर लोखंडी धाव चढवायची, तीही मापापेक्षा जरा लहान. लोहार ती लालबुंद तापवायचा, मग ती फुगायची. चाकावर बसवून पाणी ओतलं की आवळून घट्ट! पण एवढं मोठं चाक कधी साटीला घासलं नाही, कारण चाक बाहेर, गाडीला स्प्रिंग नाही आणि स्टेअरिंगही नाही. बैल वळले की अख्खी गाडी वळायची.

म्हणजे घासण्याची भानगड आली ती स्प्रिंग आणि स्टेअरिंगसोबत.

1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. पुढे रबरी टायर आपल्या बैलगाड्यांनाही लागले, आणि गंमत म्हणजे तिथे चाक लहान झालं. मग आली जीप. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 6.00-16 मापाचे, साधारण 28 इंच उंचीचे टायर होते. 1945 मध्ये सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत या जीप जोडायला घेतल्या. त्या जीपचे मडगार्ड सपाट, उघडे. म्हणून टायरभोवती जागा भरपूर. नंतरच्या गाड्यांचं बोनेट नि मडगार्ड बंदिस्त झालं, आणि तिथेच जागा संपली.

जुन्या जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असायचे. ते वर घेतले की बॉडी बरीच उचलली जाते. पण उंची म्हणजे सगळं नाही राव! स्टेअरिंग वळवलं की टायरचा कोपरा पुढेमागे गोल फिरतो, मग बंपरला, चासीला नाहीतर पाट्याला भिडतो. रुंद टायर तर आतून आधी घासतो. स्पेसर लावून चाक बाहेर काढलं, तर मडगार्डची कड लागते आणि बेअरिंगवर ताण येतो. वळणाचा स्टॉपर बोल्ट वाढवला तर घासणं थांबतं, पण गाडी वळायला जास्त जागा मागते. काहीतरी द्यावंच लागतं.

आणखी एक हिशोब. 28 ऐवजी 31 इंची टायर टाकला तर जमिनीपासूनची उंची फक्त दीड इंच वाढते. पण मीटरवर 60 दिसताना गाडी 66 ने पळत असते. ब्रेकलाही जास्त जोर लागतो.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या मूळ रचनेबाहेरचे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय.

खरी गफलत मात्र गॅरेजात होते. रिकाम्या गाडीवर टायर बघतात, मोकळा फिरला की खूश. मग हळदीची पोती भरून वसमत मार्केटला निघालं की पाटे दबतात, एक चाक खड्ड्यात जातं, आणि टायरची बाजू कापली जाते. म्हणून माल भरा, एका चाकाखाली दगड ठेवा, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, आणि कोणालातरी खाली वाकून बघायला सांगा.