ट्राम, चाळ आणि म्हातारपण

दादर टी. टी. या नावातली ही दोन अक्षरे कशाची, असे मी वर्गात विचारले, तेव्हा एका चुणचुणीत मुलाने 'तिकीट तपासनीसाची!' असे ठोकून दिले. ती ट्राम टर्मिनसची. मुंबईत ट्राम आली १८७४ साली. तेव्हा तिला घोडे ओढीत. १९०७ पासून ती विजेवर धावू लागली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आलेली ट्राम शेवटची ठरली. मोटारी वाढल्या होत्या, बसगाड्या भरधाव, आणि ही बापडी संथ.

पण तो संथपणाच म्हाताऱ्यांना मानवत असे. आजी सांगे, आजोबा पेन्शनीत निघाल्यावर दुपारी दादरला ट्राममध्ये बसत आणि बोरीबंदरला जाऊन तसेच परत येत. काम काही नसे. दोन आण्यांत दुपारभर बोलायला माणसे मिळतात, हा त्यांचा हिशेब! ट्राम गेल्यावर बस होतीच. पण दांडीला धरून धावत चढणे साठीनंतर कोणाला जमते? त्यांचे फिरणे नाक्यावरच्या वाण्यापर्यंत येऊन थांबले.

आजीला मात्र ट्रामचे सोयरसुतक नव्हते. तिचे जग नायगावच्या बी. डी. डी. चाळीत. सरकारने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला या चाळी बांधल्या. मधोमध लांब बोळ, दोन्ही अंगांना १६० चौरस फुटांच्या खोल्या, संडास सामाईक. कामकरी माणसांची स्वस्तात सोय लावावी, एवढाच हेतू. म्हातारीची करमणूक कोणाच्या स्वप्नातही नसणार. तरी झाले असे, की जाणारा-येणारा प्रत्येकजण आजीच्या दारावरून जाई आणि "काय आजी, जेवलात का?" म्हणून विचारी. गुडघे गेल्यावर ती जिना उतरली नाही, पण एकटी पडली नाही.

पहाटे संडासाच्या रांगेत काठी टेकून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याही मी पाहिल्या आहेत. ते दिवस परत यावेत असे म्हणणारा शहाणा नव्हे. आता त्या चाळींच्या जागी ५०० चौरस फुटांची घरे होत आहेत, वरळीत २०२५ मध्ये पहिल्या किल्ल्याही मिळाल्या. आनंदच आहे.

आमच्या ओळखीच्या एक मावशी दुसरीकडच्या अशाच नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आहे, पण खाली मोटारींखेरीज काही नाही. म्हणून त्यांनी दाराबाहेर खुर्ची मांडली. सोसायटीची चिठ्ठी आली, 'वाटेत सामान ठेवू नये.' खुर्ची आत गेली. दार मात्र दुपारभर उघडे असते.