बिनतारी लगाम

श्रोतेहो, ज्या लहरींच्या पाठीवर बसून माझा आवाज या क्षणीं आपल्या दिवाणखान्यांत शिरला आहे, त्याच कुळांतील लहरींवर आमच्या घरांतील एक हातभर लांबीची गाडी चालते. तिला क्रॉलर म्हणतात. रस्त्यावर धांवणें हा तिचा धर्म नव्हे. मुंगी जशी ढेकळावर चढते, तशी एकेक चाक टेकवीत दगडधोंड्यांवरून सावकाश चढणें हा तिचा धर्म होय. नाशिकसारख्या गांवीं अशा गाडीस मैदानाची वाण नाहीं. सोमेश्वरापाशीं गोदावरीनें काळा खडक असा कांहीं कोरून ठेविला आहे, कीं तो मुद्दाम तिच्यासाठींच कोरला असें वाटावें. गेल्या पावसाळ्यानंतर ही गाडी मोडली. ती मीं माझ्या दोन मुलांसह दुरुस्त केली, आणि त्या निमित्तानें तिच्या एकेका भागाचें मूळ शोधीत आम्ही तिघे शेंदीडशें वर्षें मागें गेलों. तो प्रवास आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

गाडी मोडली ती अशी. ती पुढें जाई, मागें येई. पण वळत नसे. हातांतील यंत्राचें चक्र फिरविलें, कीं गाडीच्या पोटांत कांहींतरी घरघरे आणि पुढचीं चाकें जागच्या जागीं थरथरत. आदल्या रविवारीं ती धाकट्याच्या हातीं होती. तो नऊ वर्षांचा आहे. मी क्षणाचाहि विचार न करतां त्याच्यावर रागावलों. "चाक दगडांत अडकलें असतां तूंच तें जोरानें वळविलेंस," असें म्हणालों. तो कांहीं बोलला नाहीं. मात्र त्या दिवसापासून त्यानें गाडीकडे पाहणें सोडलें. थोरली चौदा वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, आधीं उघडून तर पाहूं या."

उघडावयाचा भाग म्हणजे काडेपेटीएवढी एक काळी डबी. तिला सर्व्हो म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेंतील 'दास' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, आणि त्याचें जन्मस्थान खेळण्याचें दुकान नसून समुद्र आहे. एकोणिसाव्या शतकांत आगबोटी इतक्या अवाढव्य झाल्या, कीं वादळांत सुकाणूचें चक्र आवरावयास अनेक खलाशी लागत. तेव्हां वाफेच्या यंत्राकडूनच सुकाणू फिरविण्याच्या युक्त्या निघाल्या. फ्रान्समधील जोसेफ फार्को यानें १८७३ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला आणि अशा यंत्रास 'सर्व्हो-मोटर' हें नांव दिलें. युक्तीचें मर्म असें: मालकानें हुकूम द्यावा, दासानें तो पाळतांना 'मी कोठवर आलों' हें सतत पाहत राहावें, आणि हुकूम व प्रत्यक्ष स्थिति यांत अंतर उरलें आहे तोंवर थांबूं नये.

आमच्या डबींत हेंच सारें होतें. एक बोटाच्या पेराएवढी मोटार, तिचा वेग उतरविणारीं चार दांतेरी चक्रें, आणि शेवटच्या आंसाशीं जोडलेला, तो किती वळला याची वर्दी देणारा एक लहानसा विद्युत्-रोधक. डबीचे चार स्क्रू काढतांच घरघरीचा उलगडा झाला. मधल्या प्लॅस्टिकच्या चक्राचे एका बाजूचे दांते साफ उडाले होते. मोटार फिरत होती, पण तिची गति शेवटच्या आंसापर्यंत पोंचत नव्हती. आंस हलत नाहीं म्हणून वर्दी बदलत नव्हती. वर्दी बदलत नाहीं म्हणून तो बिचारा दास न थांबता राबत होता.

थोरलीनें तें चक्र तळहातावर घेतलें, बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "बाबा, आपण चाकांत तीं पितळी वजनें कधीं घातलीं?"

श्रोतेहो, हा प्रश्न मला झोंबला, कारण तीं वजनें मीं घातलीं होतीं. गाडीचा भार खालीं राहावा, ती चढणीवर उलटूं नये, म्हणून दोन आठवड्यांपूर्वीं पुढच्या चाकांत पितळेचीं कडीं बसवून वर मोठे टायर चढविण्याची सुधारणा माझीच. ती चुकीची नव्हती. गाडी खरोखरच अधिक चढूं लागली. परंतु तेवढें जड चाक खडकाच्या फटींत रुतलें असतां तें वळविण्याचें ओझें कोणाच्या माथीं पडणार, याचा हिशेब मीं केला नव्हता. तें त्या प्लॅस्टिकच्या चक्राच्या माथीं पडलें होतें. दोष धाकट्याच्या हाताचा नसून माझ्या सुधारणेचा होता. मी त्याच्या खोलींत जाऊन तसें सांगितलें. तो म्हणाला, "मीं हळूच वळवलं होतं." मग तो बाहेर येऊन आमच्या शेजारीं जमिनीवर बसला.

धातूच्या दांत्यांचा नवा सर्व्हो येईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यांत धाकट्यानें एक प्रश्न विचारला: "गाडीला दोरी नाहीं, मग मी काय म्हणतों तें तिला कळतं कसं?" जो प्रश्न मुलाला पडतो, तोच बहुधा इतिहासाचा दरवाजा असतो. आम्ही तो उघडला.

जर्मनींत हाइनरिख हर्ट्झ यानें १८८७ व १८८८ या सालीं प्रयोग करून दाखविलें, कीं विजेची ठिणगी उडाली असतां तिच्यापासून अदृश्य लहरी निघतात व दूरवर जातात. पण लहर आली हें ओळखावें कसें? १८९० सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर ब्रान्ली यास दिसलें, कीं कांचेच्या नळींत भरलेला धातूचा कीस एरव्हीं विजेला वाट देत नाहीं. परंतु जवळपास ठिणगी उडतांच तो वाट देऊं लागतो, आणि नळीस टिचकी मारली कीं पुन्हा पूर्ववत् होतो. म्हणजे ही लहरींनीं उघडणारी कळच होय. अशा लहरींच्या बळावर आपल्या जगदीशचंद्र बसूंनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें भिंतीपलीकडील घंटा वाजविली आणि दारूचा भडका उडविला. मध्यें तार नव्हती. दुरून दिलेला हुकूम निर्जीव वस्तूनें पाळल्याचा हा आरंभकाळींचा प्रयोग आपल्याच देशांत झाला, हें ऐकून मुलांचे डोळे विस्फारले.

घंटा एकदां वाजून थांबते. वाहन मात्र क्षणोक्षणीं नव्या हुकमाची वाट पाहतें. हें अवघड काम निकोला टेस्ला यानें केलें. १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें भरलेल्या विद्युत्-प्रदर्शनांत त्यानें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नाव सोडली आणि ती दुरून हांकून दाखविली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबर रोजीं त्यास तिचें पेटंट मिळालें. कोणी तिला जादू म्हटलें, तर कोणी मनाच्या सामर्थ्याचा खेळ म्हटलें. वस्तुतः तींत कीस भरलेली नळी, बॅटरी, मोटार आणि सुकाणू एवढेंच होतें. आमच्या गाडीच्या पोटांतहि, त्या नळीची जागा घेणारी एक चकती सोडली, तर दुसरें काय आहे?

जमिनीवरील वाहनाचा मान स्पेनकडे जातो. लिओनार्दो तोर्रेस केव्हेदो या इंजिनिअरास विमान-नौका बनवावयाच्या होत्या. परंतु त्यांच्या चांचणींत माणसांचे जीव धोक्यांत घालणें त्यास मान्य नव्हतें. म्हणून त्यानें दुरून हुकूम देणारें 'टेलेकिनो' नांवाचें यंत्र रचलें आणि १९०३ सालीं तें पॅरिसच्या विज्ञान-अकादमीपुढें ठेविलें. १९०४ सालीं माद्रिदमध्यें त्यानें विजेची एक तीनचाकी गाडी वीस-तीस मीटरांवरून चालविली. आमच्या क्रॉलरची खरी पणजी ती. १९०६ सालीं बिल्बाओच्या बंदरांत त्यानें राजासमक्ष किनाऱ्यावरून नाव हांकली. जीव वांचावेत म्हणून निघालेली ही विद्या पुढें महायुद्धांनीं जीव घेण्यास जुंपली, हा तिच्या इतिहासांतील काळा भाग आहे, आणि तो मुलांपासून लपविण्याचें कारण मला दिसलें नाहीं.

तथापि युद्धाच्या धांवपळींतूनच आमच्या खेळण्यास आणखी एक देणगी मिळाली. शत्रूनें त्याच लहरींवर गोंगाट केला तर पाणतीरास हुकूम पोंचणार नाहीं. यावर हेडी लामार ही चित्रपट-अभिनेत्री व जॉर्ज अँथेल हा संगीतकार यांनीं तोड काढली. हुकूम एकाच लहरीवर न देतां, तो देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें ठरलेल्या क्रमानें एकदमच एका लहरीवरून दुसरीवर उडी मारावी. हा क्रम जुळविण्यासाठीं आपोआप वाजणाऱ्या पियानोंत असते तशी छिद्रें पाडलेली कागदी पट्टी त्यांनीं योजिली. लहरी अठ्ठ्याऐंशीं, म्हणजे पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. पेटंट ११ ऑगस्ट १९४२ रोजीं मिळालें, पण त्या युद्धांत त्याचा उपयोग झाला नाहीं. आज एकाच मैदानांत दहा मुलें दहा गाड्या हांकतात आणि कोणाचा हुकूम कोणाच्या गाडीस जात नाहीं, यामागें हेंच लहरी बदलण्याचें तत्त्व आहे.

चित्रपटांचें नांव निघालें आणि नाशकाची गोष्ट निघाली नाहीं, असें कसें होईल? पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं ज्यांचें स्मारक आहे, ते दादासाहेब फाळके १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मले व १९४४ सालीं नाशकांतच निवर्तले. चित्रपटाचा ध्यास लागला तेव्हां त्यांनीं एक लहानसें यंत्र व कांहीं फिती मिळविल्या, आणि मेणबत्तीच्या उजेडांत रात्रीच्या रात्री भिंतीवर चित्रें पाडीत त्यांनीं आपले डोळे अधू करून घेतले. १९१२ सालीं विलायतेहून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा आला. कोऱ्या फितीस कडेनें छिद्रें पाडण्याचें काम अंधारांत करावें लागे. तें सरस्वतीबाई करीत. वाटाण्याचें रोप एकेका चित्रानें कसें वाढतें, हें त्यांनीं घरांतल्या कुंडीवर कॅमेरा रोखून टिपलें. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं मुंबईस झळकल्यावर फाळके यांनीं आपलें बिऱ्हाड व कारखाना नाशकास आणला. पहिल्या चित्रपटांत त्यांचा मुलगा भालचंद्र हा रोहिदास झाला होता. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्यें मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. आगकाड्या हलवून त्यांनीं त्यांचाहि एक चित्रपट केला. हें सारें आठवण्याचें कारण एवढेंच, कीं त्या घरांत यंत्र हें कुलुपांत ठेवण्याची वस्तु नव्हती. घरचीं माणसें त्याच्याभोंवतीं राबत होतीं. आपण मात्र मुलाच्या हातीं महागडें खेळणें देतों, आणि तें उघडावयाचें म्हटलें कीं त्याचा हात धरतों.

असो. नवा सर्व्हो आला. थोरलीनें तारांना डाख दिला, धाकट्यानें स्क्रू आवळले, मीं दिवा धरला. गाडी वळूं लागली. पण खडकावर चाक अडकून सर्व्होनें जोर केला, कीं सगळी गाडीच क्षणभर मूर्च्छित होई. पुन्हा हिशेब. धातूचे दांते आतां मोडत नव्हते, म्हणून तो बलवान दास भरमसाट वीज ओढी, आणि हुकूम ऐकणाऱ्या चकतीस वीज उरत नसे. सर्व्होसाठीं सहा व्होल्टांचा स्वतंत्र पुरवठा जोडला, तेव्हां मूर्च्छा थांबली. एक भाग बळकट केला, कीं ताण नाहींसा होत नाहीं. तो शेजारच्या दुबळ्या भागाकडे सरकतो. सुधारणा करणाऱ्यानें पुढचा दुबळा भाग कोणता हें आधींच शोधावें, एवढा धडा आम्हांस दोनदां फी भरून मिळाला.

हा धडा जेथें चुकवून चालत नाहीं अशीहि जागा आहे. १७ नोव्हेंबर १९७० रोजीं रशियाची 'लुनोखोद' ही आठचाकी गाडी चंद्रावर उतरली आणि पृथ्वीवर बसलेल्या चालकांनीं ती सुमारें साडेदहा किलोमीटर हांकली. हुकूम चंद्रावर पोंचावयास सव्वा सेकंद लागे, व परिणाम दिसावयास आणखी तितकाच. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें चांद्रयान उतरलें; त्यांतील 'प्रज्ञान' ही सव्वीस किलो वजनाची सहाचाकी गाडी सेकंदास सुमारें एक सेंटिमीटर या चालीनें शंभर मीटर चालली. मुंगीची चाल! पण तेथें दांता उडाला तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कोण जाणार? म्हणून तेथील प्रत्येक दांत्याचा हिशेब भूमीवरच पुरा व्हावा लागतो. आमच्या नशिबानें सोमेश्वर घरापासून दूर नाहीं.

गेल्या रविवारीं तेथें गेलों. यंत्र धाकट्याच्या हातीं होतें. ज्या फटींत गाडी पूर्वीं अडकली, तिच्याजवळ येतांच त्यानें ती थांबविली, थोडी मागें घेतली, चाक वळवून घेतलें आणि मगच चढविली. हें त्याला कोणीं शिकविलें नव्हतें. कदाचित् पूर्वींहि तो असेंच करीत असावा, मीं पाहिलें नव्हतें.

थोरलीनें दुरुस्तीची एक वही ठेविली आहे. तींत तारीख, भाग, बिघाड, कारण असे रकाने आहेत. पहिल्या ओळींत सर्व्होपुढें कारणाच्या रकान्यांत तिनें लिहिलें आहे: 'बाबा'. ती नोंद मीं खोडलेली नाहीं.