जुन्या मुंबई रस्त्यावरचा पेट्रोलपंप



इतिहास म्हटला की आपली दृष्टी चाकणच्या संग्रामदुर्गाकडे वळते. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाइस्तेखानाविरुद्ध लढविला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु दापोडीहून निगडीकडे जाताना जुन्या मुंबई रस्त्याच्या कडेला लागणाऱ्या पेट्रोलपंपालाही इतिहास असेल, हे सहसा आपल्या मनात येत नाही.

आधी रस्त्याचाच विचार करू. बोरघाटातील गाडीरस्ता 1830 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. 1863 मध्ये आगगाडी घाट चढली आणि लांबचा प्रवासी रुळांकडे वळला. त्याला पुन्हा रस्त्यावर आणले ते मोटारीने. पण बैलाला वाटेत चारापाणी मिळे. मोटारीची सोय काय? प्रारंभी पेट्रोल डब्यांतून विकले जाई. त्यात गळती होई आणि आगीचे भय तर नित्याचेच. 1928 मध्ये बर्मा-शेल कंपनी स्थापन झाली. त्या सुमारास डब्यांची जागा पंप घेऊ लागले आणि टाकी जमिनीखाली गेली. त्या काळच्या एका जातीच्या पंपाच्या माथ्यावर काचेचे नळकांडे असे. नोकर दांडा हलवून पेट्रोल वर चढवी, गिऱ्हाईक खुणांवरून गॅलन मोजी, मग ते आपल्याच भाराने नळीतून गाडीत उतरे. माप डोळ्यांसमोर असल्याने संशयाला जागा उरत नसे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि काही गाड्या कोळशाच्या वायूवर धावू लागल्या. परक्या तेलावर आपले चलनवलन किती अवलंबून आहे, हे तेव्हा लोकांना उमगले. स्वातंत्र्यानंतर तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने निघाले. त्याच सुमारास, 1954 मध्ये, पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्या दशकात टेल्को व बजाज यांचे कारखाने या भागात उभे राहू लागले. दुसरीकडे बनलेल्या गाड्यांत तेल भरणारा हा रस्ता स्वतःच गाड्या निर्माण करू लागला!

पुढे 1974 मध्ये एस्सो आणि 1976 मध्ये बर्मा-शेल सरकारच्या ताब्यात आल्या. पंपांवरील पाट्या बदलल्या. त्यांतून हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम ही नावे झळकली. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि घाटातली पुष्कळ वाहतूक तिकडे गेली. पिंपरी-चिंचवडमधला जुना रस्ता मात्र ओस पडला नाही. तो रुंदावला आणि 2022 पासून त्याच्या बाजूने मेट्रोही धावू लागली.

परंतु रस्ता रुंदावताना सर्वांत आधी कडेचेच जाते. गड पडला तरी त्याचे दगड साक्ष देतात. पंप उखडला की टाकी निघते, जमीन सपाट होते आणि मागे काहीच उरत नाही. आता तर विजेवर चालणाऱ्या गाड्या येत आहेत. उद्याच्या मुलाला पंप म्हणजे काय, हेही सांगावे लागेल.

म्हणून माझी आपणांस एकच विनंती आहे. घरातील जुनी पावती, एखादे छायाचित्र, रात्रपाळीत पंपावर उभ्या राहिलेल्या कामगाराची आठवण, जे हाती लागेल ते टिपून ठेवा. आपले शहर किल्ल्याच्या तटाआड वाढलेले नाही. ते रस्त्याच्या कडेने वाढले आहे. त्याची बखर लिहायची, तर ती कडेपासूनच लिहावी लागेल.