मॅन्क्स लक्षणसमूह

मांजराच्या पाठकण्याच्या शेवटच्या भागात आणि तेथील मेरुरज्जूत जन्मतः आढळणाऱ्या विकृतींचा समूह. आयरिश समुद्रातील आयल ऑफ मॅन या बेटावरील बिनशेपटीच्या मॅन्क्स मांजरांवरून हे नाव पडले. शेपटीचे मणके व त्रिकास्थी अपुरी घडणे किंवा मुळीच न घडणे, मणक्यांच्या कमानी पाठीकडून उघड्या राहणे (स्पायना बायफिडा), मेरुरज्जूची आवरणे पिशवीसारखी बाहेर येणे (मेनिंगोसील), मेरुरज्जूचे टोक खाली जखडून राहणे आणि मेरुरज्जूत द्रवाच्या पोकळ्या होणे या विकृती एकेकट्या किंवा एकत्र दिसतात.

कारण : गर्भावस्थेत पाठकण्याची मागची बाजू घडवण्यात ‘टी’ किंवा ब्रॅकियुरी या जनुकाचा मोठा वाटा असतो. उंदरांतील आखूड शेपटीच्या अभ्यासातून १९२७ मध्ये हे जनुक प्रथम लक्षात आले. मॅन्क्स मांजरांत याच जनुकात निरनिराळे बदल झालेले असल्याचे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. हा दोष प्रभावी असून आई व वडील दोघांकडूनही तो आला तर गर्भ पोटातच मरतो. एकाच पालकाकडून आलेल्या दोषाचा परिणाम मात्र पिल्लागणिक बदलतो. शेपूट अजिबात नसणारी ‘रम्पी’, शेपटीच्या जागी नुसता उंचवटा असणारी ‘रम्पी रायझर’, आखूड शेपटीची ‘स्टम्पी’ व जवळजवळ पूर्ण शेपटीची ‘लाँगी’ असे प्रकार एकाच विणीत जन्मू शकतात. मज्जासंस्थेतील दोष सर्वाधिक रम्पीत आढळतात. तरीही अनेक रम्पी मांजरे निरोगी असतात. जपानी बॉबटेलची शेपूट वेगळ्या जनुकामुळे आखूड असते आणि तिच्यात हा लक्षणसमूह आढळत नाही. गाभण मांजरीला नायट्यावरील ग्रिझिओफल्विन हे औषध दिल्यास इतर जातींच्या पिल्लांतही पाठकण्याच्या विकृती उद्‌भवू शकतात.

लक्षणे : पिल्लू चालू लागले की दोष उघड होऊ लागतो. ते मागचे पाय सशासारखे जोडीने उचलते व टाचा टेकून चालते. मूत्र थेंबथेंब गळते. शौचावर ताबा नसतो किंवा उलट मळ साठून मोठे आतडे फुगते. शेपटीखालची कातडी ओली राहून सोलवटते. कंबरेच्या खाली मध्यरेषेवर कधी खळगा दिसतो, तर कधी केसांचा ओला पुंजका. तेथून पाझरणारा स्वच्छ द्रव मस्तिष्क-मेरुद्रव असू शकतो. अशा छिद्रातून जंतू आत शिरल्यास मेंदूज्वर होतो.

निदान : प्रथम मज्जासंस्थेची हाताने तपासणी करतात. गुदद्वाराच्या कडेला चिमट्याचे टोक हलके लावले की निरोगी मांजरात गुदद्वार आवळले जाते. तसे झाले नाही आणि स्पर्शाचीही जाणीव नसेल, तर त्रिकास्थीतून निघणाऱ्या मज्जातंतूंत दोष असतो. गुडघ्याचा झटका मात्र बहुधा शाबूत राहतो, कारण त्याचे मज्जातंतू बरेच वरून निघतात. मांजराचा मेरुरज्जू कुत्र्यापेक्षा खालपर्यंत पोहोचतो, म्हणून त्रिकास्थीतील दोष त्याला अधिक बाधतो. क्ष-किरण चित्रात मणक्यांची रचना दिसते, परंतु मेरुरज्जू दिसत नाही. शिवाय कोवळ्या पिल्लाची हाडे पुरती घट्ट झालेली नसतात. सीटी स्कॅन हाडांसाठी, तर एमआरआय मेरुरज्जू, पिशवी व तिच्यातील मज्जातंतू पाहण्यासाठी उपयोगी असते. शस्त्रक्रिया करायची असल्यास एमआरआय सर्वांत मोलाचे ठरते. शेपूट ओढली जाऊन झालेल्या दुखापतीतही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून पूर्वेतिहास विचारणे आवश्यक असते.

शस्त्रक्रिया : कातडीपर्यंत पोहोचलेली पिशवी, द्रवाची गळती, वेदना किंवा वाढत्या वयाबरोबर बिघडत जाणारी चाल ही शस्त्रक्रियेची मुख्य कारणे होत. मांजराला पालथे ठेवून छिद्राभोवतीची कातडी कापतात आणि पिशवीचा देठ खोलवर मोकळा करत नेतात. गरजेनुसार मणक्याच्या कमानीचा भाग काढतात (लॅमिनेक्टमी). पुढील काम सूक्ष्मदर्शकाखाली किंवा भिंगाने करतात. पिशवीत मज्जातंतू नसतील तर देठ बांधून ती कापतात. असतील तर ते सोडवून मणक्यांच्या नलिकेत परत ठेवतात. मेरुरज्जूचे टोक जखडणारा तंतू छेदून ताण काढतात, बाह्य आवरण बारीक टाक्यांनी बंद करतात व त्यावर स्नायू आणि कातडी शिवतात. लहान पिल्लाची भूल जोखमीची असते. शरीर थंड पडणे व रक्तातील साखर उतरणे यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. द्रवाची गळती, जंतुसंसर्ग व मेरुरज्जू पुन्हा जखडणे हे नंतरचे धोके होत.

फलित : शस्त्रक्रियेने गळती थांबते, संसर्गाचा मार्ग बंद होतो आणि ताणामुळे होणारे पुढचे नुकसान टळू शकते. मज्जातंतू मुळात घडलेच नसतील, तर लघवी-शौचावरील ताबा येत नाही. अशा मांजराचे मूत्राशय दिवसातून अनेकदा हाताने दाबून रिकामे करावे लागते, मळ मऊ राहण्यासाठी लॅक्टुलोज द्यावे लागते आणि कातडी स्वच्छ ठेवावी लागते. मालकाला हे झेपणार आहे का, याची चर्चा शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवी. दोष गंभीर असून यातना आवरत नसतील, तर दयामरणाचा विचार करतात.

प्रतिबंध : बिनशेपटीच्या दोन मॅन्क्स मांजरांचा संयोग टाळतात. शेपटीच्या जोडीदारामुळे गर्भ पोटात मरण्याचा धोका टळतो, मात्र लक्षणसमूहाचा धोका पूर्णपणे जात नाही. शस्त्रक्रियेनंतर मांजर धडधाकट दिसले तरी त्याचा जनुकदोष कायम असतो. त्यामुळे ते प्रजननासाठी वापरू नये.